डाव्या अंगाची जागा

राधाकिशननं बायकोला बाजेवरून उचललं ते उसाची मोळी उचलावी तसं. वाकला, बगलेत हात घातले, दातावर दात दाबले आणि एका हिसक्यात वर. उभ्या जन्मात त्याच्या हातांना उचलायची हीच एक रीत ठाऊक. मोळी अशीच उठते. शिवकन्याही उठली. फक्त डाव्या खांद्यात काहीतरी खालच्या खाली सरकलं आणि तिनं ओठ दातांत धरला.

"दुखलं का?"

"न्हाई."

दुखलं होतं. पण उचलणाऱ्याला दुखलं म्हणून सांगितलं, तर उद्या उचलायचं कुणी?

चैत्रात तिचं डावं अंग गेलं होतं. सरपणाचा भारा बांधता बांधता हातातली दोरी सुटली. ती घ्यायला वाकली, ती परत सरळ झालीच नाही. लकवा. सलाइनी लावून झाल्या, गोळ्या झाल्या, कुणी सांगितलं म्हणून कबुतराचं रक्त चोळून झालं. तोंड थोडं सरळ झालं, बोलणं परत आलं. हात आणि पाय मात्र शेजाऱ्याचे असल्यासारखे अंगाला लागून पडलेले. पुढं मृगानं नुसतं तोंड दाखवलं. आर्द्रा कोरड्या गेल्या. कापूस गुडघ्याला आला आणि कुणी हाक मारावी तसा तिथंच थांबला. आता भादवा लागला होता आणि वस्तीवर टँकर यायला लागला होता.

अशात एका सकाळी ऊसतोडीच्या टोळीचा बंकट मुकादम ओसरीवर येऊन टेकला.

"राधाकिशन, औंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी ट्रॅक्टर हालायचा बे. आपल्याकडं ऊसच न्हाई, कोल्हापूरकडं जायचं. तुझी जोडी कोन, ते बोल."

उसाच्या फडात एकटा माणूस मोजत नाहीत. गडी तोडतो, बाई उसाचं पाचट साळते, मोळी बांधते, डोक्यावर वाहते. दोघं मिळून एक कोयता.

राधाकिशन बाजेच्या सुंभाचा सुटलेला पेड बोटाला गुंडाळत बसला.

"छबुबाई तयार हाय," बंकट म्हणाला. "मालक गेल्यापासून घरीच हाय बिचारी. हाताला लई चपळ. तुजी चुलतबहीनच लागती, बोलायला कुनाला जागा न्हाई."

"आन मी?"

आवाज बाजेवरून आला. बंकटनं मान वळवली.

"वैनी, तुमी आराम करा की."

"कोपीत बसून ऱ्हाईन. एका हातानं जेवढं व्हईल तेवढं करीन."

"आवो, पहाटं बाया उसात परसाकडं जातेत. तितं तुमाला कोन नेनार? छबुबाईनं मोळ्या बांधायच्या का तुमाला धरून बसवायचं?" तो हसला, पण त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. मग उठता उठता बोलून गेला, "तुमची तुमी ट्रालीत चढलाव तर चला. मी कावून नको म्हनू?"

लोक उठता उठता बोलतात आणि विसरतात. शिवकन्यानं ते बोलणं पदराच्या गाठीला बांधून ठेवलं.

खरं म्हणजे फडाला तिनं आयुष्यभर शिव्याच दिल्या होत्या. पहाटेचं दहिवर, पानांनी चिरलेले हात, मानेतून कंबरेपर्यंत उतरणारी मोळीची कळ. आता बाजेवर पडून तिला तेच आठवायचं. पाचट पेटल्याचा वास. कोयत्याचा ओल्या उसात बसणारा घाव. आणि पुढं सऱ्या तोडत चाललेली राधाकिशनची पाठ, घामानं भिजलेली. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत तिच्या डोळ्यांपुढं तीच पाठ. दुपारी मोळ्यांच्या सावलीला दोघं पाठीला पाठ लावून भाकर खायची. घरी ती दोघं तशी कधी बसली नाहीत. घरी माणसं असतात.

तुम्हाला काय करायचंय?

अपंगांसाठीचं शिबिर तेलगावला होतं. दूध सोसायटीच्या हॉलात. जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, तशी सोसायटी बंद पडली होती. भिंतीला रिकाम्या कॅनांची रांग. हॉलभर लकवा झालेले, मणका मोडलेले, झाडावरून पडलेले. कुणी पाठकुळी आलेले, कुणी जीपमध्ये आडवं घालून. शिवकन्याला राधाकिशननं जीपमधून खांद्यावर टाकून आत आणलं. साडी पोटरीवर सरकली. सासू कौशल्याबाई मागनं ती खाली ओढत आली. सगळ्यांनी बघून घेतलं.

दोन जण तपासत होते. जोगदंड मॅडम आणि तांदळे सर. गोळ्या न्हाईत, सुई न्हाई. अपंग झालेल्या माणसाला आपलं काम आपण करायला शिकवणारे हे डॉक्टर, असं दारातल्या माणसानं सांगितलं.

मॅडम खाली जमिनीवर बसल्या. शिवकन्याच्या डाव्या हाताची मिटलेली बोटं एकेक करून उघडत म्हणाल्या, "तुम्हाला काय करायचंय, ताई?"

"तिला काय करायचंय?" कौशल्याबाई म्हणाली. "मी घास भरविती, मी येनी घालती. तिला कायबी करू देत न्हाई मी."

"मी त्यांना विचारलं, आजी."

चैत्रापासून सगळ्यांनी विचारलं होतं ते कुठं दुखतं, कधीपासून, मुंग्या येतात का. हे कुणी विचारलं नव्हतं. शिवकन्या गोंधळली. मग पदराची गाठ सोडावी तशी बोलली.

"फडात जायचंय."

शेजारचा मणका मोडलेला माणूस खो खो हसला. राधाकिशननं खाली बघितलं. तांदळे सरांनी हातातली काठी भिंतीला टेकवली.

"ताई, खोटं सांगत नाही. ऊस तोडणं आता होणार नाही. आणि फडातली कोपी, ते तट्ट्यांचं खोपट, तुमच्यासाठी चांगली जागा नाही."

"पण ट्रॉलीत चढणं?" मॅडम त्यांच्याकडं बघून म्हणाल्या. "खाली बसून उठणं? ते तर घरीही लागतंच की, सर."

"ते लागतं." सरांनी नाक चोळलं. "ते करू."

हिसका नको

"दादा, नेहमी उठवता तसं उठवून दाखवा."

राधाकिशन वाकला, बगलेत हात घालायला लागला.

"थांबा!" मॅडमनी त्याची मनगटं धरली. "खांदा निखळायला आलाय त्यांचा. हा हात कधीही ओढायचा नाही. बगलेत हात घालायचा नाही. दुखतं का हो, ताई?"

शिवकन्यानं नवऱ्याकडं बघितलं. मग मान हलवली. हो.

"मग सांगितलं का न्हाईस?" राधाकिशन ओरडलाच. ओरडून झाल्यावर त्याचं तोंड उतरलं.

मॅडमनी तिला उंच बाकावर बसवलं. पाय मागं घ्यायला लावले. "आता पुढं वाका. नाक पायाच्या अंगठ्यापुढं गेलं पाहिजे. घाबरू नका, तोल पुढं गेला की ढुंगण आपोआप उठतं." राधाकिशनला त्यांनी डाव्या बाजूला उभं केलं. त्याचा गुडघा तिच्या लुळ्या गुडघ्याला टेकवला. त्याचं उपरणं तिच्या कंबरेला बांधून त्याच्या हातात दिलं. "हे धरायचं. ओढायचं नाही. नुसतं धरायचं."

"ह्या बाजूनं मला जमत न्हाई. मी मोळी मागनंच उचलतो."

"मोळी आपण होऊन उठत नसते, दादा. ही उठणार आहे."

शिवकन्यानं नाक पुढं घातलं. अंग थरथरलं. बाक तिच्या खालून सुटला आणि ती आपली आपण उभी होती. चैत्रानंतर पहिल्यांदा तिला रिकाम्या कॅनांची झाकणं वरून दिसली.

निघताना सर म्हणाले, "चालताना काठी उजव्या हातात. आणि दादा, तुम्ही यांच्या डाव्या अंगाला, अर्धं पाऊल मागं."

"मागं?"

"मागं. म्हणजे पडल्या तर सापडतील."

मिटणाऱ्या पंजात ठेवायला मऊ गुंडाळी हवी होती. मॅडम कापड शोधत होत्या. शिवकन्या म्हणाली, घरी चुंबळ हाय माझी. मोळी वाहताना डोक्यावर ठेवायची जुन्या लुगड्याची वळलेली चुंबळ. तेव्हापासून ती तिच्या डाव्या पंजात राहिली.

दुखरा हात आधी

घालताना दुखरा हात आधी. काढताना दुखरा शेवटी.

राधाकिशन ओसरीवर बसून झंपरची बाही तिच्या डाव्या हातात सरकवायचा, बाकीचं तिचं तिनं. हुका पुढच्या, उजव्या हाताच्या. पहिल्या दिवशी वरची हुक खालच्या घरात गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. कुंपणापलीकडून आश्रुबा म्हातारा शेळ्या नेत होता.

"का रं राधाकिशन, कोयता टाकून शिवनकाम घेतलं का?"

"व्हय आश्रुबा. तुज्या म्हातारीचं माप पाठीव."

शिवकन्या हसली. हसताना तोंडाची डावी बाजू जरा उशिरा हसायची. राधाकिशन त्या उशिरा येणाऱ्या हसण्याची वाट बघत थांबला आणि ते आल्यावरच त्यानं बाही ओढून सरळ केली.

बघत बसा

कौशल्याबाईला जड गेलं.

"डोळ्यादेखत सून एका हातानं भाकर थापती आन मी बसू? लोकं थुकतील माज्या तोंडावर."

"आत्याबाई, त्या मॅडम काय म्हनल्या? मला व्हतंय ते तुमी करायचं न्हाई."

"मॅडमला सून न्हाई."

परात सरकू नये म्हणून खाली ओला कपडा घातला होता. भाकर एका बाजूला जाड, एका बाजूला कागद. तव्यावर टाकताना मोडली. कौशल्याबाईचा हात पुढं झाला. तिनं तो दुसऱ्या हातानं धरून मागं नेला, पाठीमागं दोन्ही हातांची जुडी बांधली आणि चुलीपुढून हलली नाही.

"मोडकी हाय," शिवकन्या म्हणाली.

"पोटात जाऊन मोडतीच की," सासू म्हणाली आणि नाक ओढलं. धूर झाला होता.

एकेक वीट

उंच जागेवरून उठणं सोपं, खालून अवघड. म्हणून बाजेच्या चारी पायांखाली विटा घातल्या होत्या. जमेल तशी एकेक वीट काढायची, असं सरांनी सांगितलं होतं. वीट निघाली की राधाकिशन ती अंगणात नेऊन ठेवायचा. विटा संपल्यावर धार काढायचा बुटका पाट. मग जमीन.

जमिनीसाठी त्यानं घरामागं बाभळीचा खुंट गाडला. उजव्या हातानं खुंट धरायचा, खाली बसायचं, उठायचं.

बसली. उठताना नाक पुढं न्यायचं विसरली, आणि गाठोडं कलंडावं तशी डाव्या अंगावर मातीत गेली. तोंडात धूळ.

राधाकिशनचे हात बगलेकडं गेले. अर्ध्यावर थांबले. त्या हातांचं काय करावं ते त्याला कळेना. शेवटी तोही तिच्याशेजारी मातीत बसला. तिच्या मागं, पाठीला पाठ लावून.

"दम खा," म्हणाला.

समोर वाळलेला कापूस होता. त्याच्या पाठीचा घाम तिच्या झंपरातून आत आला.

"छबुबाईसंगं नाव लावलंय मी," तो म्हणाला. "बंकटला सांगितलं."

"ठाव हाय."

"न लावून कसं भागंल?"

"न्हाई भागत. लावलं ते बेस केलं." ती थांबली. "मी येनार हाय पन."

"येशील की. तुज्याबिगर मला तितं..." त्यानं मातीचं ढेकूळ चुरगाळलं.

मग तिनं खुंट धरला आणि नाक पुढं घातलं.

चढताना धड पाय आधी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारापाशी ट्रॅक्टर लागला. ट्रॉलीत कोप्यांसाठी बांबूच्या तट्ट्या, हंडे, शेळ्या, पिठाची गाठोडी. टोळी चढून बसलेली. छबुबाई ट्रॉलीच्या मागच्या फळीशी, फाळक्याशी बसली होती, डोईला फडकं बांधून. इंजिन चालू होतं आणि त्याच्या धुरानं शेळ्या शिंकत होत्या.

शिवकन्या घरापासून पारापर्यंत चालत आली. उजव्या हातात काठी, डाव्यात चुंबळ, कंबरेला उपरणं. डाव्या अंगाला, अर्धं पाऊल मागं, राधाकिशन. त्याच्या मागं कौशल्याबाई. टोळीनं माना वळवल्या. सगळ्यांचे डोळे शिवकन्याच्या काठीवर.

बंकटनं टोपी मागं सारली. "आयला," एवढंच म्हणाला.

फाळक्याखाली आश्रुबानं दगड लावून दिला. धड पाय आधी, ती मनात म्हणाली. उजवा पाय दगडावर. डावा ओढून वर. आता लोखंडी पायरी. घरच्या ओट्यावर तिनं हे रोज केलं होतं, पण ही पायरी ओट्यापेक्षा वर होती. काठी कौशल्याबाईकडं दिली. उजव्या हातानं फाळका धरला. उजवा पाय उचलला, टेकवला. आता नाक पुढं न्यायचं, सगळं अंग त्या एका पायावर येऊ द्यायचं. येत होतं. सावकाश येत होतं. मांडी थरथरत होती.

ड्रायव्हरनं हॉर्न मारला.

"चला की आवरा!" कुणीतरी म्हणालं. "आजून वडवनीला दोन कोयते घ्यायचेत."

"आगं, पडतीया ती!"

वरून छबुबाईनं कळवळून हात खाली घातला आणि तिचा डावा दंड धरला. खालून राधाकिशनचे हात बगलेत गेले. दातावर दात.

एक हिसका.

आणि शिवकन्या ट्रॉलीत होती.

टोळीनं आरोळी ठोकली. "वैनी चढल्या!" बायांनी सरकून जागा केली, छबुबाईनं पाठीला गाठोडं दिलं. खाली राधाकिशन धापा टाकत हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. "बसली! बंकट, बघ, बसली का न्हाई?"

खांद्यातली कळ बोटांपर्यंत गेली. चुंबळ पंजातून सुटून खाली पडली होती. शिवकन्या वरून नवऱ्याच्या हातांकडं बघत राहिली. ते अजून तसेच होते, वर उचललेले, मोळी नुकतीच सोडल्यासारखे.

तिला सगळं दिसलं. पहाटेचा फड, भरायला उभी असलेली गाडी, मुकादमाच्या हाका. तिथं तिचं नाक अंगठ्यापुढं जाईपर्यंत कोण थांबणार? सगळे मायेनं धावणार. रोज कुणीतरी वरून ओढणार, कुणीतरी खालून. रोज हाच हिसका. शिमग्याला घरी येईल तेव्हा ती उठायचं विसरून गेलेली असेल.

आणि तरी बसायला किती बरं वाटत होतं. तट्ट्यांचा वास येत होता. मागच्या वर्षीच्या कोपीच्या धुराचा, पाचटाचा. डोळे मिटले असते तर पुढं ती पाठ दिसली असती.

तिनं डोळे मिटले नाहीत.

"आवो," ती म्हणाली, "मला उतरायचंय."

"आगं, आता बसलीस ना?"

"मी कुटं बसले? तुमी बसवलं."

राधाकिशनचं हसू गालावरच थांबलं. त्यानं आपल्या हातांकडं बघितलं. मग ते हळूहळू खाली आणले.

उतरताना दुखरा आधी

"इंजिन बंद कर बे," बंकट ड्रायव्हरला म्हणाला.

"आवो, वडवनीला उशीर..."

"बंद कर म्हनलं ना."

आवाज थांबला तशी पारावरची चिमण्यांची कलकल ऐकू यायला लागली. शिवकन्या बसल्या बसल्या फाळक्यापर्यंत सरकली. छबुबाईचा हात पुढं आला. शिवकन्यानं तिच्याकडं बघून मान हलवली आणि छबुबाईनं तो हात पदरात घेतला. खाली डाव्या अंगाला राधाकिशन उभा राहिला. उपरण्याची गाठ धरली. ओढली नाही.

दुखरा पाय आधी. तो लोंबकळला, चाचपडला, पायरीला लागला. राधाकिशनचा गुडघा त्या गुडघ्याला टेकला. मग धड पाय. मग दगड. सगळी टोळी, मुकादम, ड्रायव्हर, शेळ्यासुद्धा, एका बाईच्या उतरण्यासाठी थांबून राहिली. मध्येच ती दम खायला थांबली, तर तेही थांबले.

माती लागली.

"वैनी," बंकट घसा खाकरून म्हणाला, "मी शब्दाला बांधलेला हाय. चढलाव तुमी."

"न्हाई भाऊजी. उतरले नुसती. चढायचं ऱ्हायलंय."

राधाकिशननं खाली पडलेली चुंबळ झटकली. तिची बोटं एकेक करून उघडली, मॅडमनी उघडली होती तशी, आणि चुंबळ पंजात बसवली. उपरणं सोडायला त्यानं गाठीला हात लावला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

"डोक्याला ऊन लागंल मला."

"लागू द्या."

तो बोडक्यानंच चढला. इंजिन सुरू झालं. ट्रॉली हलली तेव्हा तो फाळक्याशी उभा होता, तिच्याकडं तोंड करून. आयुष्यभर त्याची पाठ बघितली तिनं. आज तोंड दिसत होतं, आणि तेच लांब जात होतं. वळणावर धूळ उठली. धुळीत आधी तोंड गेलं, मग नुसता ट्रॅक्टरचा आवाज राहिला. तो डोंगराच्या अंगानं बराच वेळ येत होता. गेला असं वाटायचं आणि परत यायचा.

कौशल्याबाईनं काठी तिच्या उजव्या हातात दिली. दिली, आणि आपले दोन्ही हात पाठीमागं नेऊन जुडी बांधली.

"चल बाय," म्हणाली. "तू पुडं हो."

शिवकन्या निघाली. काठी, मग डावा पाय, मग उजवा. घरी अंगणात बाजेखालच्या विटा पडल्या होत्या. ओट्यापाशी त्या एकावर एक रचल्या तर ट्रॉलीच्या पायरीएवढ्या व्हायला हरकत नव्हती. ती त्याचाच विचार करत चालली होती. पारावरून मागनं आश्रुबा शेळ्या घेऊन आला. रस्ता केवढा मोठा, आणि ही बाई उजव्या कडेला अगदी बाभळींना घासून का चालते ते त्याला कळेना.

"मधून चाल की गं पोरी. काटं लागतील."

तिनं ऐकलं नाही. काटे पदराला लागत होते तरी ती तशीच चालत राहिली, डाव्या अंगाला एका माणसाची जागा सोडून.